लाळ हवी, अळी नको

‘किडे पडून मरशील’ हा तळतळाट ज्यांच्या जिवावर चालतो, त्या मंडळींपैकी एकीची ही ओळख. नाकाला रुमाल लावायला हरकत नाही. तिला त्याची सवय आहे आणि मानापमानाचं ती काही मनावर घेत नाही.

शास्त्रज्ञ तिला ल्युसिलिया म्हणतात, डॉक्टर मॅगट म्हणतात, गोठ्यात तिला आसडी म्हणतात आणि बाकीचे तिचं नाव घ्यायचंच टाळतात. हिरव्या माशीची ही लेक. जखमेत राहते, जखमेतच जेवते आणि जेवताना जी लाळ गाळते, तिच्यावर गेली नव्वदेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा टपून बसल्या आहेत. लाळ सगळ्यांना हवी आहे. लाळवाली कुणालाच नको.

तिचा पहिला गुण, किंवा दोष म्हणा, चहाडखोरपणा. आजोबांच्या पायाची पट्टी आठ दिवसांनी सुटते, आत पांढरं काहीतरी वळवळताना दिसतं आणि घरातल्या कर्त्या माणसांच्या माना खाली जातात. एवढ्या दिवसांत कुणी पट्टी सोडून बघितलं नाही, हे ती एक अक्षर न बोलता चार लोकांत सांगून टाकते. ‘कालपर्यंत तर काही नव्हतं हो डॉक्टर,’ असं कुणीतरी पुटपुटतं. डॉक्टर अळीच्या लांबीकडे बघतात, मनातल्या मनात दिवस मोजतात आणि काही बोलत नाहीत.

मग टर्पेंटाइनचा बोळा येतो. तो वास तिला अजिबात खपत नाही. खोल कपारीतून ती गुदमरून वर येते आणि चिमट्यात सापडते. सिस्टर एकेक उचलून ट्रेमध्ये टाकतात, मावशी पदर नाकाला लावून ट्रे धरतात. ट्रेमध्ये पडली म्हणून ती हार मानत नाही. काठावरून चढून पलीकडे उतरते. ड्रेसिंगच्या खोलीतून पळून जाण्याचे जितके प्रयत्न हिने केले असतील, तितके इंजेक्शनला भिणाऱ्या पोरांनीही केले नसतील.

आई मात्र डोळ्यांत भरणारी. हिरवीगार, त्यावर मोरपंखी झळाळी. पैठण तासाभराच्या अंतरावर असताना असा रंग अंगावर मिरवायचा म्हणजे आत्मविश्वास हवा, आणि तो तिच्याकडे भरपूर आहे. घाणीवर बसते, पण बसल्यावर आधी पुढचे पाय एकमेकांवर घासून पुसून स्वच्छ करते. सडण्याचा वास तिला लांबून लागतो. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी ‘यापुढे शहराचा कचरा आमच्याकडे नको’ असं ठणकावून सांगितलं आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, महिनोन्महिने रस्त्याकडेला ढीग साचले. माणसं मेटाकुटीला आली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. या घराण्यात मात्र त्या साली घरोघर बारसं होतं.

आई एका बैठकीत शे-दोनशे अंडी घालते आणि उडून जाते. मागे वळून बघायची पद्धत त्या घराण्यात नाही. दिवसभरात अंड्यातून लेक बाहेर पडते, तेव्हा ती जेमतेम दोन मिलिमीटरची असते. चार-पाच दिवसांत खाऊनपिऊन सेंटीमीटरभर होते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या मुलीला दुसऱ्या कशासाठी वेळ नसतो. डोळे नाहीत, पाय नाहीत, दात नाहीत. तोंडाच्या जागी दोन काळे आकडे, आणि ते चावायला नसून रुतवून पुढे सरकायला आहेत.

तिच्याकडे भिंगातून बघणारा नवखा माणूस हमखास फसतो. जाड टोकाला दोन तपकिरी चकत्या दिसतात, प्रत्येकीत तीन तिरक्या फटी. माणसाला वाटतं, हे डोळे. ते तिचं नाक. श्वासाची मुख्य छिद्रं तिने मागच्या टोकाला ठेवली आहेत आणि त्यात तिचा पक्का हिशोब आहे. डोकं पुवात बुडवायचं, शेपटाकडून हवा घ्यायची. जेवण थांबवायचं कारणच नाही. म्हणून जखमेत ती नेहमी डोकं खाली, पार्श्वभाग वर अशा अवस्थेत दिसते. पाहुण्यांसमोर असं बसू नये, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

जेवणाची रीत तर त्याहून वेगळी. आपण घास तोंडात घेतो आणि मग पचवतो. ही आधी पचवते, मग घेते. मेलेल्या मांसावर लाळ सोडायची, त्यातल्या एन्झाइमांनी ते मांस विरघळू द्यायचं आणि झालेली पेज ओढून घ्यायची. चामड्यागत चिवट झालेला तो पांढरा-पिवळा थर, ज्याच्यापुढे सर्जनलाही ब्लेड बदलावं लागतं, तो ही दात नसताना संपवते. या लाळेत ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन यांच्या जातकुळीची एन्झाइमं आहेत. आपल्या आतड्यात जेवण पचवतात तीच मंडळी, फक्त इथे ती घराबाहेर स्वयंपाक करतात.

मुरलेल्या जखमेची गोष्ट अशी, की ती बरं व्हायचं विसरलेली असते. नेहमीची जखम आधी सुजते, मग सूज उतरते, मग मांस भरतं. महिनोन्महिने चिघळलेली जखम पहिल्याच पायरीवर अडून बसते. वर मेलेल्या मांसाचा थर, त्यात जंतूंची वस्ती. हे जंतू सुटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या रांजणाला आतून हात लावला की जो बुळबुळीत थर लागतो, तोच प्रकार. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, आणि गोळ्या-इंजेक्शनांनी बायोफिल्म सहजी जात नाही. हॉलंडमधल्या लायडेनच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की या बाईंची लाळ ते आवरण फोडते.

लाळेत तिने स्वतःचं औषधही ठेवलं आहे. रात्रंदिवस घाणीत राहणाऱ्याला ते ठेवावंच लागतं. 2010 मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी तिच्या शरीरातून 40 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन वेगळं काढलं आणि तिच्याच नावावरून त्याला ल्युसिफेन्सिन म्हटलं. जखमेत मुक्काम ठोकणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंना ते मारतं. ई-कोलायसारख्यांपुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. बाईंचं कौतुक करायचं, पण त्यांना सर्वज्ञ ठरवायचं नाही.

आणखी एक प्रकार. नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत या लाळेचे अंश फायब्रोब्लास्ट पेशींवर टाकले, तर त्या पेशींची हालचाल वाढली. जखमेत नवं मांस भरण्याची सुरुवात याच पेशी करतात. दुसरीकडे, सूज उतरूच न देणाऱ्या रोगप्रतिकारक यंत्रणेला ही लाळ थोडी शांत करते. म्हणजे साफसफाई, जंतुनाश आणि बांधकामाच्या मजुरांना हाक मारणं, ही तिन्ही कामं एका थुंकीत. काचेच्या बशीत तरी हे चित्र दिसतं. माणसाच्या पायावर काय दिसतं, ते पुढे येईलच.

या लाळेचा पहिला मोठा चाहता अमेरिकेच्या कृषी खात्यातला विल्यम रॉबिन्सन. 1935 च्या सुमारास त्याने अळ्यांच्या स्रावातून अॅलन्टोइन नावाचा पदार्थ शोधला आणि जखम भरायला तो मदत करतो असं मांडलं. आज अॅलन्टोइन कारखान्यात तयार होतं आणि कितीतरी क्रीममध्ये असतं. अळीचं नाव काढलं तरी ज्यांना मळमळतं, त्यांनी आरशासमोरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं एकदा वाचून बघावीत.

खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ. जिवंत मांसाला सहसा तोंड लावत नाही. सर्जनचं ब्लेड कितीही कुशल असलं तरी मेलेल्याबरोबर थोडं जिवंतही जातं. हिची लाळ मेलेल्यावरच नीट चालते. हा तिचा मोठा मान. पण घराण्याला डाग आहे. क्रायसोमिया बेझियाना नावाची एक चुलत बहीण आपल्याच देशात राहते, आणि ती जिवंत मांस पोखरत आत शिरते. नाकात, कानात, गुरांच्या खुरात जो धुमाकूळ होतो, तो बहुतेक वेळा हिचा. दिसायला दोघी सारख्याच पांढऱ्या. म्हणून घरच्या जखमेवर माशी बसू द्यायची आणि ‘अळ्या चांगल्या असतात म्हणे’ असं म्हणत स्वस्थ बसायचं, हा शहाणपणा कुणी करू नये. दाराशी कोणती बहीण आली आहे, हे घरात कुणाला ओळखता येत नाही.

वक्तशीरपणात तिचा हात धरणारा नाही. हे संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला चांगलं ठाऊक आहे. ल्युसिलिया कुप्रिना ही या शहरातली तिची सख्खी बहीण. तिला तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या तापमानाला ठेवून वाढवलं आणि अंड्यापासून माशीपर्यंतच्या प्रत्येक अवस्थेला किती वेळ लागतो ते नोंदवलं. 2016 मध्ये ते काम प्रसिद्धही झालं. उकाडा वाढला की तिचं बालपण आटोपतं, थंडीत लांबतं. मे महिन्यातलं संभाजीनगर तिला चांगलंच मानवत असणार.

हे सगळं पोलिसांसाठी. बेवारस प्रेत सापडलं की त्यावरच्या अळीचं वय काढायचं आणि मृत्यू कधी झाला ते मागे मोजत जायचं. न्यायसहायक विज्ञान शिकवणारी सरकारी संस्थाही याच शहरात आहे. साक्षीदार उलटतात, पंच फुटतात; ही फुटत नाही. आजोबांच्या पायाशी डॉक्टरांनी जो हिशोब मनात केला, तोच हिशोब कोर्टात कागदावर येतो. गंमत अशी, की मलेशियात याच ल्युसिलिया कुप्रिनाला जखमा साफ करायला लावलं आहे. तिकडे ती दवाखान्यात नोकरी करते, इकडे साक्ष देते.

आपल्याकडे तिची जुनी ओळख कुणाशी असेल, तर सुश्रुताशी. माश्या जखमेवर येऊन कृमी सोडतात, हे सुश्रुतसंहितेत स्वच्छ लिहिलं आहे. सडक्या मांसातून अळ्या आपोआप उपजत नाहीत हे युरोपला पटवायला इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीला 1668 मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून दाखवावं लागलं. सुश्रुत त्याही पुढे जातो. अर्बुद म्हणजे मांसाची गाठ. तिच्यावर पावटे, पेंड आणि हुलगे वाटून, मांस आणि दह्याची निवळ कालवून लेप द्यायचा. माश्या येतील, अळ्या होतील, त्यांना खाऊ द्यायचं. थोडं उरलं की खरवडून डाग द्यायचा. ज्या हुलग्यांचं माडगं मराठवाड्यात ओरपलं जातं, त्याच हुलग्यांचं हे आमंत्रण.

त्याच ग्रंथात जखमेतले कृमी हाकलायचेही उपाय आहेत. वर मांसाचा तुकडा ठेवायचा, कृमी तिकडे धावले की काढून टाकायचे. एकाच घरात मांडवही आणि हकालपट्टीही. तिला माणसाच्या या वागण्याचं नवल वाटायचं कारण नाही.

युद्ध तिला मानवतं. तिथे जखमा भरपूर आणि बघणारे कमी. नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लॅरे याने इजिप्त-सीरियाच्या मोहिमेत अळ्या पडलेल्या जखमा लवकर साफ होताना पाहिल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्यातल्या झकारायस नावाच्या सर्जनने तिला मुद्दाम कामाला लावलं. पण तिचं नशीब उघडलं ते 1917 मध्ये, फ्रान्सच्या रणभूमीवर. विल्यम बेअर या अमेरिकी सर्जनपुढे दोन सैनिक आणले गेले. मांडीचं हाड मोडलेलं, पोटाला जखमा, सात दिवस अन्नपाण्याविना रणांगणावर पडून राहिलेले. दोघांनाही ताप नाही. कपडे काढले तर जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या. बेअरने अळ्या धुऊन काढल्या आणि खाली पू दिसण्याऐवजी दिसलं सुरेख गुलाबी, नवं भरलेलं मांस.

बेअरने ते दृश्य अकराएक वर्षं मनात ठेवलं. पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हाडात पू झालेली मुलं त्याच्याकडे येत. 1928 पासून त्याने त्यांच्या जखमांत अळ्या सोडल्या, आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा भरू लागल्या. काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा त्याला कळलं की बाई कामाच्या आहेत, पण आंघोळ घातल्याशिवाय घरात घ्यायच्या नाहीत. अंडी जंतुनाशकात धुऊन निर्जंतुक अळ्या वाढवायची पद्धत तिथून रुळली. 1931 मध्ये त्याचा लेख छापून आला, पण तो बघायला बेअर राहिला नव्हता. काही महिन्यांपूर्वीच तो गेला होता.

पुढची दहा वर्षं तिच्या ऐश्वर्याची. अमेरिकेतल्या 300 हून जास्त रुग्णालयांत तिचा राबता होता. लेडर्ली ही औषध कंपनी हजार अळ्यांची बाटली 5 डॉलरला विकत असे. आणि मग पेनिसिलिन आलं. पांढरी स्वच्छ पूड, गुदगुल्या नाहीत, वळवळ नाही. 1940 च्या दशकात बाईंची बाटली कपाटामागे गेली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्यच माशी होऊन उडून गेला.

अर्धं शतक ती अडगळीत होती. दरम्यान जंतू हुशार झाले, एमआरएसएसारखे हट्टी जंतू औषधांना दाद देईनात, आणि मधुमेहींचे पाय दवाखान्यांच्या दारात रांग लावू लागले. कॅलिफोर्नियातल्या रोनाल्ड शर्मन या डॉक्टरने 1990 च्या सुमारास तिला पुन्हा बोलावलं. जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला परवानगी दिली, पण कोणत्या रकान्यात? औषध नव्हे. वैद्यकीय उपकरण. चाकू, चिमटा आणि पट्टी यांच्या पंगतीला ती बसली, जिवंत, वळवळत, शेपटाने श्वास घेत. त्याच वर्षी जूनमध्ये जळूलाही तोच दर्जा मिळाला. जळवेची प्रतिष्ठा आपल्याकडे कधी गेलीच नव्हती, आयुर्वेदाच्या दवाखान्यात ती आजही बरणीत राजेशाही थाटात असते. ही मात्र सरकारी कागद हातात असूनही अजून बिनबोलावलेली.

कामाला आलेली अळी कशी वागते, तेही ऐकून ठेवा. जखमेच्या दर चौरस सेंटीमीटरला पाच ते आठ अळ्या, दोन ते तीन दिवसांचा मुक्काम. वर बारीक जाळी, कडेला चिकटपट्टी, कारण पोट भरलं की तिला एक मिनिटही थांबायचं नसतं. कोरडी, अंधारी जागा शोधून कोष करायचा असतो, आणि ओली जखम त्यासाठी तिला चालत नाही. रुग्णाला रात्री झोपेत भीती वाटते, ही आत अंडी घालेल. घालणार नाही. ती स्वतःच अजून बाळ आहे. जखमेत तिची पुढची पिढी होत नाही, आणि आलेल्या सगळ्या मोजून बाहेर काढता येतात. गुदगुल्या होतात, कधी दुखतंही. तिसऱ्या दिवशी जाळी काढली की आलेली सुतासारखी पोर चांगली गुबगुबीत होऊन निघते, आणि खालची जखम लाल दिसते.

ज्यांना तिचा स्पर्शही नको, त्यांच्यासाठी पिशवी आहे. बारीक जाळीच्या चौकोनी पिशवीत अळ्या बंद, पिशवी जखमेवर. लाळ गाळून खाली उतरते, पातळ झालेलं मांस वर ओढलं जातं, आणि बाई पडद्याआड राहतात. सोवळ्यातलीही सोय झाली.

आता पायावरची परीक्षा. ब्रिटनमध्ये पायाच्या जुन्या जखमांच्या 267 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, 2009 मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींना सुट्या अळ्या, काहींना पिशवीतल्या, काहींना नेहमीचं जेल. मेलेलं मांस साफ व्हायला सुट्या अळ्यांना साधारण 14 दिवस लागले, पिशवीतल्यांना 28, जेलला 72. इथवर बाईंचा विजय. पण पूर्ण जखम भरायला लागलेल्या वेळात फरक पडला नाही, आणि अळ्यांच्या रुग्णांना दुखलं जास्त. म्हणजे घर झाडून देण्यात ती पटाईत. घर पुन्हा उभं करण्याचं श्रेय तिला एकटीला देता येत नाही. पायात रक्त नीट पोचतंय का, शुगर ताब्यात आहे का, जखमेवर भार पडतोय का, हे ज्याचं त्याने बघायचं.

त्या आकड्यांत आणखी एक खोच आहे. पिशवीतल्या अळीची लाळ खाली पोचत होती, तरी तिला दुप्पट दिवस लागले. सुटी अळी आकडे रुतवत फिरते, थर खरवडते, कपारीत शिरते, जिथे चिमटा जात नाही तिथे जाते. म्हणजे थुंकीला पायांचीही जोड लागते, आणि पाय नसलेल्या बाईने हे काम फिरून केलं, हे विसरता येत नाही.

तरी लोकांना लाळच हवी. केंब्रिजच्या सोलासक्युअर या कंपनीने तिच्या लाळेतलं एक एन्झाइम अळीशिवायच तयार करून जेलमध्ये घातलं आणि ते जेल माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेलं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात उलटी वाट धरली गेली: 2016 मध्ये तिथे अशी अळी तयार झाली, जी माणसाच्याच शरीरातलं, पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन स्वतः बनवते. एकाला लाळ हवी, अळी नको. दुसऱ्याला अळी हवी, पण लाळ सुधारून हवी. जशी आहे तशी कुणालाच नको, हे तिच्या वाट्याला कायमचं आलेलं दिसतं.

मराठवाड्यात ती अजून जुन्याच पत्त्यावर भेटते. बैलाच्या खांद्याची जखम चिघळली, आसड्या पडल्या, की जाणता माणूस सीताफळाचा पाला ठेचून त्यात दाबतो. दौलताबादच्या किल्ल्याच्या आजूबाजूला सीताफळं मुबलक. आपण गर खातो, बिया थुंकतो, आणि तिच्या दृष्टीने ते झाड म्हणजे साक्षात वैरी. दोघं एकाच मुलखात नांदतात, पण बोलचाल नाही.

माणसांच्या जखमांचं कारण मात्र बदललं. पूर्वी तिला कुष्ठरोग्यांच्या जखमा मिळत. वरोऱ्यात पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याच्या अंगावरच्या अळ्या बघून बाबा आमटे आधी घाबरून निघून गेले, आणि मग परत आले. आनंदवनाची कहाणी तिथून सुरू होते. आता तिला शुगरवाले मिळतात. आयसीएमआरची 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शुगर मुरली की पायाला कळेनासं होतं. चपलेचा खिळा टोचतो, तापल्या फरशीचा चटका बसतो, बोटांत फोड येतो, आणि माणूस चालत राहतो. जखम असते, दुखत नसते. न दुखणाऱ्या जखमेकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही. मग गावोगावहून असे पाय एसटीने, जीपने ‘घाटी’त पोचतात. शासकीय रुग्णालयाला या शहरात सगळे घाटीच म्हणतात. प्रश्न तोच असतो: साहेब, पाय राहील का?

उद्या तिची लाळ औषधाच्या दुकानात मिळू लागेल, छान पुदिन्याच्या रंगाच्या ट्यूबमध्ये. बाई पुन्हा एकदा कपाटामागे जातील. पण एका गोष्टीत ट्यूब तिची बरोबरी करू शकणार नाही. ट्यूब कुणीतरी आणावी लागते, झाकण उघडावं लागतं, आणि त्याआधी पट्टी सोडून बघावं लागतं. रोज संध्याकाळी आजोबांचे तळपाय उजेडात धरून बोटांच्या बेचक्या बघणारं कुणी घरात असेल, तर बहुतेक वेळा ना ट्यूब लागेल, ना ही. तसं कुणी नसेल, तर ही येईलच. केसपेपर लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, आणि पत्ता तर तिच्या आईला कधीच विचारावा लागला नाही.